उंच देखणा कडा रिकामा आणि शेजारच्या बुटक्या कड्यावर ससाण्याचं घरटं, असं का?

पायवाट:

नमस्कार मंडळी. पक्ष्यांतलं मला फार कळत नाही हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पहिल्याच प्रतिसादात कोणीतरी कान धरेल. दुर्बीण घेऊन जेमतेम दोन वर्षं झालीत.

मी नेहमी फिरायला जातो तिथे एका दरीच्या दोन बाजूंना दोन कडे आहेत. एक अगदी देखणा, सरळसोट, शंभर-सव्वाशे मीटर तरी असेल, बघूनच मान दुखते. दुसरा त्याच्या तिसरा हिस्सा, मोडकातोडका, मधेमधे झुडपं उगवलेली, आणि बहिरी ससाण्याची जोडी राहते कुठे, तर त्या बुटक्यावर! गेल्या वर्षी तिथेच होती, यंदाही तिथेच आहे. मोठ्या कड्यावर ती कधीतरी बसलेली दिसतात, पण मुक्काम नाही.

मला वाटायचं की शिकारी पक्षी म्हटला की सगळ्यात उंच, सगळ्यात अवघड जागा पकडणार. मग इथे काय बिनसलं? ससाणे, गरुड, गिधाडं हे सगळे कड्यावरची जागा नेमकी कशावरून ठरवतात? आणि खरंच फिरून, बघून ठरवतात की आईबाप राहिले तिथेच पोरं राहतात?

ता.क. जागा कुठली ते सांगणार नाही, विचारू नका.

बिनपंखी:

सोप्पं आहे हो. जितका उंच आणि उभा कडा तितका चांगला, कारण कोल्हा, मुंगूस, साप, माणूस कोणी पोचत नाही. तुमची जोडी नवखी असणार, त्यांना अजून अक्कल आलेली नाही. दोन वर्षांत मोठ्या कड्यावर शिफ्ट होतात की नाही बघा.

(शेवटी काय, आपण फ्लॅट बघतो तसंच आहे.)

दुर्बीणवाला:

फ्लॅटची तुलना कोण करतंय याची वाटच बघत होतो, पहिल्याच प्रतिसादात आली :)

बिनपंखी, तुमचं अर्धं बरोबर आहे. उंचीचा फायदा असतो, नाही असं नाही, पण कोल्हा वीस मीटरच्या उभ्या कातळावरही चढू शकत नाही आणि शंभर मीटरच्याही, त्यामुळे एका मर्यादेनंतर वरचे ऐंशी मीटर त्या कामाला फुकटच असतात. टुंड्रात तर बहिरी ससाणा माणूसभर उंचीच्या मातीच्या दरडीवरही घरटं करतो, आणि फिनलंडच्या दलदलीत चक्क जमिनीवर, कारण आजूबाजूला इतकं पाणी आणि चिखल की चालत येणाऱ्याचे हाल. म्हणजे त्याला हवी असते ती अडचण, ती उंचीतूनच यायला पाहिजे असं काही नाही.

आता मूळ प्रश्न. मी याच्याकडे असं बघतो की आधी मुलूख, मग कडा, मग कपार. आपण खालून बघतो तेव्हा आपल्याला फक्त मधला, म्हणजे कडा दिसतो आणि सगळा वाद त्याच्यावरच घालत बसतो. पक्ष्याच्या दृष्टीने निकाल लागतो तो पहिल्या आणि तिसऱ्यावर.

मुलूख म्हणजे खाणं. अमेरिकेत आयडाहो राज्यात स्नेक नदीची घळ आहे, तिथे सव्वाशे-दीडशे किलोमीटरच्या पट्ट्यात शिकारी पक्ष्यांच्या शेकडो जोड्या घरटी करतात, त्यातल्या प्रेअरी ससाण्यांच्याच दोनशेच्या आसपास. तसे कडे जगात इतर ठिकाणीही पुष्कळ आहेत, मग तिथेच एवढी गर्दी का? तर कड्याच्या वरच्या पठारावर जमिनीत बिळं करणाऱ्या खारींची रेलचेल आहे. खाली घर, वर कोठार. खारी कमी झाल्या की त्याच कड्यावर पिल्लं कमी उडतात, कडा काय जागचा हललेला नसतो.

सोनेरी गरुडाच्या बाबतीत अजून एक मजा आहे. डोंगराळ भागात त्याचं घरटं बऱ्याचदा शिकारीच्या जागेपेक्षा खाली असतं, शिखराजवळ नसतं. का, तर ससा किंवा मार्मोट (डोंगरातली थोराड खार समजा) पंज्यात धरून खाली तरंगत यायला फार कष्ट नाहीत, पण तेच ओझं घेऊन वर चढायचं म्हणजे दमछाक. आणि पिल्लं वाढत असताना हे दिवसातून कितीदा करायचं. म्हणून 'सगळ्यात उंच' हे चित्र कॅलेंडरवर ठीक आहे.

आता कपार, आणि इथे ससाण्याचा स्वभाव लक्षात घ्या. ससाणे घरटं बांधत नाहीत. एक काडी आणत नाहीत. गरुड काटक्यांचा ढीग रचतो, वर्षानुवर्षं त्यात भर घालतो, गिधाडंही काटक्या, लोकर, चिंध्या काहीबाही आणतात, पण बहिरी ससाणा काय करतो तर कपारीतल्या मातीत-खडीत छाती टेकवून आणि पायाने उकरून एक उथळ खळगा करतो, झालं घर. म्हणजे त्या कपारीत खडी किंवा माती असायलाच पाहिजे. नुसत्या गुळगुळीत कातळावर अंडी घातली तर घरंगळतात, नाहीतर खाली साचलेल्या पाण्यात गार पडतात. मॉन्ट्रियलमध्ये सन लाइफ नावाच्या उंच इमारतीवर १९४० च्या सुमारास एक जोडी राहायला आली होती, जागा एकदम झकास, खाली कबुतरांची खानावळ, पण नुसत्या सपाट दगडी बांधकामावर अंडी काही टिकेनात. मग लोकांनी खडी भरलेली उथळ पेटी ठेवली आणि पुढची बरीच वर्षं तिथून पिल्लं उडाली. आज जगभर इमारतींवर ससाण्यांसाठी ज्या पेट्या लावतात त्यात खडी असते ती यासाठीच.

तर तुमच्या देखण्या कड्याला मला पहिला प्रश्न विचारायचाय की बाबा रे, तुझ्याकडे खडी असलेली एक तरी कपार आहे का?

दोरखंड:

मी पक्षीवाला नाही, दोर लावून कडे चढणारा आहे, पण या धाग्यावर राहवेना.

पायवाट, तुम्ही म्हणता 'सरळसोट देखणा'. आम्ही चढणारे अशा कातळाला घाबरतो कारण त्याला हात-पाय ठेवायला काही नसतं, आणि जिथे माझी बोटं राहत नाहीत तिथे चार अंडी काय राहणार! 'मोडकातोडका' म्हणताय ना, त्याचाच अर्थ तिथे कपारी, फटी, खोबणी आहेत. दगड थराथराने बसलेला असेल तर मऊ थर झिजून आत जातो आणि कडक थर छपरासारखा बाहेर राहतो, म्हणजे आयती पडवी तयार. चुनखडीत गुहा होतात, त्या मोठ्या गिधाडांना आवडतात. याउलट ग्रॅनाइटच्या काही भिंती कांद्याच्या पापुद्र्यासारख्या सुटत जातात आणि मागे राहतो तो साफ गुळगुळीत पत्रा, मैलभर उंच असला तरी पक्ष्याला उपयोग शून्य.

खालून कडा वाचायचा असेल तर तीन गोष्टी बघत जा. एक, काळे उभे पट्टे. ते पावसाचं पाणी वाहण्याच्या वाटा असतात, त्या पट्ट्यात येणारी कपार म्हणजे न्हाणीघर. दोन, कपारीचा उतार बाहेर आहे की आत, बाहेर असेल तर खडी टिकतच नाही, वाऱ्यापाण्याने साफ होते, हे खालून कळायला अवघड जातं पण गवत उगवलेलं दिसलं तर माती टिकलीय एवढं नक्की. तीन, वर छप्पर आहे का. छपराने पाऊस अडतो, ऊन अडतं, आणि वरून सुटणारे दगड अडतात, ही तिसरी गोष्ट लोक विसरतात. पावसाळ्यानंतर कुठल्याही कड्याखाली जाऊन उभं राहा, दगड किती सुटतात ते कळेल (खरं म्हणजे राहू नका).

आणि हो, आम्हा चढणाऱ्यांमुळेही पक्षी जागा सोडतात, हे कबूल केलं पाहिजे. अमेरिकेतल्या योसेमिटीत ससाण्यांच्या विणीच्या काळात ठरावीक कडे चढाईला बंद ठेवतात, पिल्लं उडाली की उघडतात. माझ्या ओळखीतले काही जण यावर कुरकुर करतात, पण पन्नास कडे असताना तीन महिने दोन कडे सोडले तर काय बिघडतं.

साधासुधा:

मस्त धागा. एक शंका, ऊन कुठल्या दिशेने येतं यानेही फरक पडत असेल ना? म्हणजे पूर्वेकडे तोंड असलेला कडा वगैरे?

दुर्बीणवाला:

पडतो, आणि गंमत म्हणजे याचं एकच असं उत्तर नाही. सोनेरी गरुडाची घरटी उत्तरेकडे अलास्कात बघितली तर दक्षिणेकडे तोंड करून जास्त, कारण तिथे उबेची मारामारी, आणि तोच गरुड खाली गरम कोरड्या भागात आला की सावलीच्या बाजूची, उत्तरेकडची कपार धरतो. पक्षी तोच, पण थंडीत ऊन शोधतो आणि उन्हात सावली. त्यामुळे 'अमुक पक्षी पूर्वेकडेच घरटं करतो' असं कोणी छातीठोक सांगायला लागलं की कुठल्या मुलखातला ते विचारायचं.

उन्हाचा प्रश्न हलका घेऊ नका. गरुडाची पिल्लं उन्हाने मेल्याच्या नोंदी त्याच आयडाहोच्या भागातल्या आहेत. अगदी लहान असतात तेव्हा आई पंख पसरून सावली धरते. खरी गोची नंतर होते, पिल्लू आईच्या पंखाखाली मावत नाही एवढं मोठं होतं आणि उठून सावलीत जाण्याएवढं धड चालताही येत नाही, त्या दिवसांत दुपारभर ऊन खाणारी कपार म्हणजे तवा. पश्चिमेकडे तोंड असलेला उघडा कडा गरम मुलखात म्हणूनच वाईट.

पावसाचंही तसंच. कॅनडाच्या उत्तरेला रॅनकिन इनलेट भागात बहिरी ससाण्यांवर बरीच वर्षं काम झालंय, तिथे जोराच्या पावसात भिजून, गारठून पिल्लं मरतात, आणि ज्या जोड्यांना छप्पर असलेल्या पेट्या दिल्या त्यांची पिल्लं जास्त जगली. म्हणजे दोरखंड म्हणतात ती पडवी चैनीची नाही.

रानवेडी:

सगळे दगडाबद्दल बोलताय, पण निवड करतं कोण आणि कधी हे कोणी सांगितलंच नाही, म्हणून मी घुसते.

बहिरी ससाण्यात साधारण असं होतं की नर कडा धरून बसतो आणि मग मादीला एकेक कपार दाखवतो. हे बघायला मिळालं तर सोडू नका. तो कपारीत जातो, मान खाली घालून वाकतो, एक विचित्र चिपचिप आवाज काढतो, खळगा उकरून दाखवतो, मग दुसऱ्या कपारीत जाऊन परत तेच. एकाच कड्यावर चार-पाच ठिकाणी उकरून ठेवलेलं असतं. मादी येते, ती पण वाकते, बसून बघते, उठून जाते, आणि शेवटी अंडी कुठे घालायची हे ती ठरवते. (घरचाच अनुभव वाटतोय ना, मी काही बोलत नाही.) त्यामुळे 'फिरून बघून ठरवतात का' याचं उत्तर, कपारीच्या पातळीवर तरी, हो.

पण मुलूख आणि कड्याच्या बाबतीत परंपरा जबरदस्त चालते. इथे एक जुनं नाव सांगते, जोसेफ हिकी. त्यांनी १९४२ साली अमेरिकेच्या पूर्व भागातल्या बहिरी ससाण्यांवर लिहिलं, तेव्हा तिथे त्याला डक हॉक म्हणायचे. त्यांनी कड्यांची प्रतवारीच केली होती, पहिल्या प्रतीचे, दुसऱ्या प्रतीचे वगैरे, आणि म्हटलं की पहिल्या प्रतीचे कडे लोहचुंबकासारखे असतात, तिथली जोडी कोणी मारली, अंडी चोरली, तरी जागा रिकामी राहत नाही, दुसरे पक्षी येऊन बसतात. हलक्या प्रतीचे कडे मात्र एकदा रिकामे झाले की रिकामेच राहायचे. नंतर डीडीटी या कीटकनाशकाने तिकडचे ससाणे जवळजवळ संपले ती कथा वेगळी, अंड्यांची कवचंच पातळ व्हायला लागली होती. अमेरिकेत डीडीटीवर बंदी आली १९७२ मध्ये.

आता हिकींचे पहिल्या प्रतीचे कडे उंचही होते, लांबही होते आणि बरेचसे पाण्यावर नजर ठेवणारे होते, हे बिनपंखींच्या बाजूने धरा. पण लक्षात घ्या की उंच आणि लांब कड्यावर कपारीही जास्त असतात, म्हणजे चांगली कपार सापडायची शक्यता वाढते. नुसत्या उंचीला किती श्रेय द्यायचं आणि कपारींच्या संख्येला किती, हे वेगळं काढणं सोपं नाही. माझा कल कपारींकडे.

जुनी जागा किती जुनी असू शकते? ग्रीनलंडमध्ये जायरफाल्कन, म्हणजे ध्रुवाकडचा सगळ्यात मोठा ससाणा, त्याच्या कपारींमधल्या विष्ठेच्या थरांचं कार्बन डेटिंग केलं, २००९ मध्ये ते छापून आलं, तर सगळ्यात जुना थर निघाला अडीच हजार वर्षांच्या आसपासचा. अडीच हजार वर्षं त्या कपारीत ससाणे येऊन शिटतायत! जायरफाल्कन बर्फ असतानाच अंडी घालतो, त्यामुळे वरून चांगलं छप्पर असलेल्या कपारी मोजक्या, आणि त्या पिढ्यानपिढ्या वापरात. कधीकधी तो रेव्हनचं (डोमकावळ्याचा थोरला भाऊ समजा) जुनं घरटंही ढापतो.

आणि ही गोष्ट माझी लाडकी. दक्षिण स्पेनमध्ये दाढीवालं गिधाड, लॅमर्गायर, कधीचंच नाहीसं झालं होतं, पण त्याची जुनी घरटी कड्यांच्या गुहांत कोरडी राहिली होती. ती उकरली तर हाडं, खूर, अंड्यांची कवचं यांच्याबरोबर माणसांच्या वस्तू निघाल्या, आणि त्यात गवताची विणलेली चप्पल, साडेसहाशे वर्षांहून जुनी. एखाद्या गुराख्याची गेली असेल, तो बिचारा शोधत बसला असेल. हे टिकलं कशामुळे, तर गुहा कोरडी होती म्हणून. पक्ष्याने कोरडी जागा निवडली होती याचा यापेक्षा चांगला पुरावा काय देणार.

जिथे जन्म तिथेच घर हेही थोडंफार खरं आहे, पण जागेपेक्षा जागेच्या प्रकाराबाबत जास्त. जर्मनी आणि पोलंडकडे बहिरी ससाणे पूर्वी झाडांवरच्या जुन्या घरट्यांत राहायचे, ते पूर्ण संपले, आणि कड्यांवर-इमारतींवर वाढलेले ससाणे परत वाढले तरी झाडाकडे फारसे वळेनात. मग मुद्दाम पिल्लं झाडांवरच्या घरट्यांतून सोडली, तेव्हा कुठे झाडावरची वस्ती परत सुरू झाली. पिल्लू डोळे उघडून जे बघतं ते त्याच्या डोक्यात 'घर' म्हणून बसतं. शिवाय पोरी लांब जातात, पोरगे जन्मजागेच्या त्यामानाने जवळ राहतात.

साधासुधा:

चप्पल!!! दिवस सार्थकी लागला.

गिधाडांचं पण असंच का? ती पण खडीवर वगैरे बघतात?

रानवेडी:

गिधाडं काटक्या आणतात त्यामुळे खडीवाचून अडत नाही. त्यांची अडचण वजनाची. मोठी गिधाडं सात-आठ किलोची, पंख मारून मारून उडणं त्यांना परवडत नाही, त्यामुळे कपारीतून नुसतं पुढे झुकलं की खाली मोकळी हवा आणि कड्यावर आपटून वर येणारा वारा मिळाला पाहिजे, त्यावर तरंगत जायचं आणि ऊन तापलं की थर्मल, म्हणजे वर चढणाऱ्या गरम हवेचा झोत, पकडायचा. आणि त्यांना शेजार चालतो, एकाच कड्यावर वस्ती करून राहतात, कारण मेलेलं जनावर कुठे सापडेल ते ठरलेलं नसतं, मुलूख राखून उपयोग नाही. ससाणा आणि गरुड मात्र आपल्या जातीचा शेजारी जवळ खपवून घेत नाहीत.

बाकी सगळी गिधाडं कड्यावरच असं समजू नका. लांब चोचीचं गिधाड कड्यावर, पण पांढऱ्या पाठीचं झाडावर, दोघं एकाच मढ्यावर जेवतात आणि झोपायला वेगवेगळ्या घरी जातात.

घुबडप्रेमी:

शेजाराचा विषय निघालाच आहे तर माझ्या आवडत्या प्राण्याला विसरू नका. मोठी शिंगवाली घुबडं कड्यातच राहतात, तीही घरटं बांधत नाहीत, म्हणजे त्यांनाही तीच मातीची, छपराची कपार हवी. आणि रात्री ससाण्याला फारसं दिसत नाही, घुबडाला मात्र चांगलं दिसतं. युरोपात मोठ्या घुबडाने ससाण्याची पिल्लं आणि मोठे ससाणेही खाल्ल्याचं ठाऊक आहे. सोनेरी गरुडाशेजारीही ससाणे बिचकून असतात. तेव्हा पायवाट, मोठ्या कड्यावर संध्याकाळी अंधार पडताना कान देऊन बघा एकदा.

गंमत म्हणजे याच्या उलटंही चालतं. सैबेरियात लाल छातीचे कलहंस मुद्दाम बहिरी ससाण्याच्या घरट्याजवळ अंडी घालतात. ससाणा आपल्या दाराशी कोल्ह्याला फिरकू देत नाही, हंसांना पहारेकरी फुकट.

बिनपंखी:

बरं बाबा, उंचीचं माझं म्हणणं अर्धं मागे घेतो. अर्धंच! शिकारीला तरी उंची लागतेच ना? ससाणा वरून सूर मारतो, ताशी तीनशेच्या वर जातो म्हणतात.

दुर्बीणवाला:

लागते, पण तो सूर कड्यावरून थेटच मारतो असं नाही, बऱ्याचदा आधी हवेत वर जातो, घिरट्या घालतो आणि मग. कड्यावरची बैठक टेहळणीला हवी, आणि टेहळणीला समोर मोकळं पाहिजे, पाणी, दरी, माळ. म्हणून पायवाट म्हणतात ना की मोठ्या कड्यावर ती कधीतरी बसलेली दिसतात, ते मला अजिबात नवल वाटत नाही. बसायला एक जागा, अंडी घालायला दुसरी. एका जोडीच्या मुलखात दोन-तीन कडे असणं अगदी नेहमीचं, गरुडांची तर एकाच मुलखात पाच-सहा घरटीही असतात आणि आलटून पालटून वापरतात. काहींच्या मते जुन्या घरट्यात पिसवा, ढेकूण साचतात हेही त्यामागचं एक कारण. आयडाहोत गरुडाच्या पिल्लांचं रक्त पिऊन त्यांना पार अशक्त करणारे ढेकूण आहेत, त्यामुळे मला ते पटतं.

पायवाट, धागा काढून कुठे गायब झालात? कड्यांची तोंडं कुठल्या दिशेला ते सांगा की.

पायवाट:

गायब नाही, तुमचा गृहपाठ करत होतो. दोन रविवार गेले त्यात. समोरच्या धारेवरून, लांबूनच, पाठीला झाड लावून बसलो.

मोठ्या कड्याचं तोंड पश्चिमेला, जरासं नैर्ऋत्येला. दुपारी एकपासून सूर्य बुडेपर्यंत नुसतं तापत होतं, दगडावरची हवा दुर्बिणीत थरथरताना दिसत होती. काळे पट्टे मोजले, अकरा. दोरखंड म्हणाले तसं मधल्या भागात पार गुळगुळीत, मी ज्याला इतके दिवस देखणा म्हणत होतो ते हेच. बुटका कडा समोर, पूर्वेकडे तोंड, दहा-साडेदहानंतर सावलीत. त्यात चार तरी चांगल्या कपारी, दोनांत गवत. छपरं पण आहेत.

अजून एक. गेल्या वर्षी ती जोडी डावीकडच्या कपारीत होती आणि मला पिल्लं काही दिसली नव्हती, मी समजलो माझ्याच नजरेत दोष. यंदा उजवीकडे आहेत, पंचवीस-तीस मीटर लांब. कडा तोच. याला काही अर्थ आहे का?

आणि घुबडप्रेमी, तुमच्यासाठी. दुसऱ्या रविवारी मुद्दाम अंधार होईपर्यंत थांबलो. मोठ्या कड्याच्या वरच्या डाव्या अंगाला, पट्ट्यांपासून बाजूला, एकच खोल कपार आहे, वर छप्पर, खाली सपाट, आतून सावलीत. अख्ख्या कड्यात तेवढी एकच धड जागा. मी स्वतःशी म्हणत होतो की निदान ही तरी ससाण्याने का सोडली. साडेसहाच्या सुमारास त्यातून दोन शिंगं वर आली.

घुबडप्रेमी:

हाहाहा! मी काही बोलत नाही.

रानवेडी:

भारी काम केलंत. कपार बदलण्याबद्दल, विण फसली की पुढच्या वर्षी त्याच कड्यावर कपार बदलणं बऱ्याच शिकारी पक्ष्यांत दिसतं, जमलं तर तीच जागा, फसलं तर बाजूला सरका. तुमची नजर बहुतेक बरोबरच होती, गेल्या वर्षी पिल्लं नसावीत.

पण घुबडामुळेच ससाणे तिथे नाहीत असं लगेच लिहून टाकू नका. उलटंही असू शकतं, ससाण्याला तो तापलेला कडा मुळातच नको होता आणि घुबडाला रिकामी कपार मिळाली. घुबड असताना ससाणा दुसरीकडे, एवढंच तुम्ही बघितलंय. एखाद वर्षी घुबड हललं तर काय होतं ते बघायला मिळेल, तोवर वही ठेवा. कुठली कपार, कुठल्या तारखेला कोण, पिल्लं किती, एवढं तीन-चार ओळींत लिहिलं तरी पुरे. फोटो टाकलेत तर मागचा डोंगर कापून टाका, कडा ओळखणारे लोक इथेही आहेत.

आणि कड्याखाली जाऊन पेलेट्स (न पचलेल्या हाडं-पिसांचे पक्ष्याने ओकलेले गोळे) गोळा करायचा मोह होईल, तो पिल्लं उडेपर्यंत आवरा. मादी उठली की अंडी उघडी पडतात, पूर्वेचा कडा असला तरी सकाळी नऊचं ऊन काय असतं ते तुम्हीच बघितलंय.

पायवाट:

नाही जात खाली. वही सुरू केलीय. पहिली नोंद टाकतो: उजवी कपार, मादी बसलेली, नर मोठ्या कड्याच्या टोकावर, घुबडाच्या बरोब्बर वर साठेक मीटरवर, दिवसाढवळ्या, आरामात पिसं साफ करत.

दोरखंड:

म्हणजे उंच कडा वापरतायत की, दिवाणखाना म्हणून. बिनपंखींचं उरलेलं अर्धं शाबूत.